हॉर्नेटबद्दल कप्तानबाईंचं मत

बोईसर, गुरुवार
सकाळपाळी करून आल्यावर

प्रिय वैभवी, आमच्या कप्तानबाई,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे, आईचा गुडघा कुरकुरतोय तेवढंच. टपालात टाकलं तर पुण्याला पोहोचेपर्यंत तुझा सोमवार उलटून जायचा, म्हणून कागदावर लिहून त्याचे फोटो तुला व्हॉट्सॲपवर पाठवतोय. एवढा खटाटोप कशाला, फोन करा की, असं म्हणशील. पण फोनवर माझं कसं होतं ते तुला ठाऊक आहे. दोन वाक्यं झाली की मी 'जेवलीस का' वर येतो आणि मग आईच्या हातात फोन देऊन मोकळा होतो. आज मला जेवणाच्या पलीकडचं बोलायचं आहे. आई म्हणाली, काल तू रडत होतीस. सोमवारच्या आत त्या मोबाईल-गेमच्या कंपनीला लेखी कळवून तू त्या हॉर्नेटबद्दलचं तुझं मत मागे घेणार आहेस म्हणे. तिला हॉर्नेट म्हणजे काय ते कळलं नाही, पण तू रडलीस ते कळलं. म्हणून ती रात्रभर जागी, आणि तिच्यामुळे मीही.

आधी त्या रविवारचं सांगतो, कारण तुला आमच्या बाजूची गंमत माहीतच नाही. तुमच्या त्या बंदुकीच्या खेळातल्या सोळा टीमच्या कप्तानांची ती ऑनलाइन मीटिंग सगळ्यांना बघता येणार, असं तू कळवलंस, आणि मी आपला शेजारच्या खोलीतल्या पोरांना एकदाच सहज बोललो. झालं! पाळीवरून आलेली चौघं आंघोळ न करता आमच्याकडे हजर. आईने पोहे टाकले. टीव्हीला मोबाईल जोडायला अर्धा तास गेला, तोवर मी घामाघूम. मग एकदाची तू दिसलीस. पंधरा पोरांच्या चौकोनांमध्ये तुझा एक चौकोन, मागे तुझी ती निळी ओढणी खुंटीला टांगलेली. शेजारचा पोरगा ओरडला, 'अरे, ये तो अपनी वैभवी है!' आई लगेच म्हणाली, केस विंचरले नाहीत कार्टीने.

तुम्हा खेळाडूंचं बोलणं मी मन लावून ऐकलं. नव्या हंगामात दोन हत्यारं आली आहेत. एक तो धूर, ज्यातून टाकणाऱ्यालाच पलीकडचं दिसतं, आणि दुसरी ती हॉर्नेट बंदूक, जी नेम स्वतःच धरते. पुढच्या महिन्यात हैदराबादला फायनल आहे, तिथे ही हत्यारं चालू द्यायची की नाही, एवढाच प्रश्न. इंदूरचा पोरगा म्हणाला, नवीन काही आलं की जुने खेळाडू रडतातच, चालू द्या. कोलकात्याची मुलगी म्हणाली, एका टीममध्ये एकच हॉर्नेट असावी. तो चष्मेवाला तर म्हणाला की हॉर्नेटमुळे बघणारे वाढलेत, मग खेळाडूंचं मत कशाला विचारता. बरेच जण मात्र मधलंच बोलत होते. चांगलीही आहे, वाईटही आहे, कंपनी ठरवेल ते मान्य. अशी माणसं मी तीस वर्षं बघतोय, त्यांना पगारवाढ वेळेवर मिळते.

आणि मग तू बोललीस. तीन मिनिटं मिळाली होती, तू दोनच घेतलीस. तू म्हणालीस, धूर राहू द्या, कारण धुराला उत्तर आहे, पायांचा आवाज ऐकता आला की त्यातूनही वाचता येतं. पण हॉर्नेट फायनलमधून काढा. तिच्याकडून मरणाऱ्याला आपलं काय चुकलं ते कळत नाही आणि मारणाऱ्याला आपण काय बरोबर केलं तेही कळत नाही. मग त्या सूत्रसंचालकाने खवचटपणे आठवण करून दिली, की देशात हॉर्नेटने सर्वांत जास्त बळी घेणारी खेळाडू तूच आहेस. तू म्हणालीस, म्हणूनच सांगतेय, मी तिला सगळ्यांपेक्षा जास्त ओळखते. पोह्यांची बशी माझ्या हातात तशीच. मला उठून मोरीत जाऊन तोंड धुवावं लागलं. आईला सांगितलं, डोळ्यात मिरची गेली. पोह्यात मिरची नव्हती, तिने तिखट घातलं होतं, त्यामुळे लगेच पकडला गेलो.

दुसऱ्या दिवशी दांडी गावाहून बोंबील घेऊन येणारी बायडी दारात टोपली उतरवून म्हणाली, 'नामदेवभाऊ, तुमची पोर मोबाईलमदी बगितली. काय बोलते ते मना समजला नाय, पण कुनाला भीत नाय हां ती!' तिच्या नातवाने दाखवलं होतं. वर चार बोंबील जास्त टाकले. म्हणजे बघ, तुझ्या मताला बाजारात किंमत आहे.

आता एक कबुली देतो, हसू नकोस. हसलीस तरी चालेल. मी तुझा खेळ मोबाईलवर उतरवून घेतलाय. नाव ठेवलंय 'प्रेसवाले नामदेव'. पहिल्या दिवशी अकरा सेकंदांत मेलो. दुसऱ्या दिवशी आपल्याच धुरात भिंतीला तोंड करून उभा राहिलो, तेव्हा माझ्याच टीममधल्या कुणा पोराने मला काका म्हणून शिवी दिली. काका आहे हे त्याला कसं कळलं देव जाणे. पण तू जे बोललीस ते खरं की खोटं हे मला माझ्या हाताने बघायचं होतं. जुन्या रायफलीने अठरा डावांत एक बळी, तोही बिचारा बहुतेक पाणी प्यायला उठला असेल. मग हॉर्नेट घेतली आणि एका डावात चार! चष्म्याचा नंबर वाढलेला, अंगठा जाड, बावन्न वर्षांचा माणूस, आणि चार बळी. मी फोन खाली ठेवला आणि मनात म्हटलं, ज्या बंदुकीने मी चार जण मारू शकतो ती बंद व्हायलाच पाहिजे. पोरगी शंभर टक्के बरोबर आहे.

तुझ्या टीममधल्या दिग्विजयचा राग मात्र मला समजतो. आई सांगत होती, तो म्हणाला की तू स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास आणि आमच्याही. स्वरा बोलत नाही, सुजित वेगळा जेवतो. एका फ्लॅटमध्ये राहून असं वागणं किती जड जातं, ते मी खोलीत सहा जण राहायचो तेव्हा बघितलंय. त्यांचंही खोटं नाही. हॉर्नेट असली तर तुम्ही फायनल जिंकाल, नसली तर पहिल्या चारात आलात तरी पुष्कळ. दोन वर्षं त्या पोरांनी कॉलेज, घर, सण सगळं बाजूला ठेवलंय. कप्तानाने आधी टीमला विचारायला हवं होतं, ते तू केलं नाहीस. ती चूक तुझी आहे, आणि ती तू त्यांच्यासमोर बसून मान्य कर. पण विचारलं नाही ही चूक वेगळी, आणि बोललीस ते चूक असणं वेगळं. ह्या दोन गोष्टींची खिचडी करू नकोस.

आता मूळ गोष्टीवर येतो. दोनदा पेन खाली ठेवलं, पण आज लिहिलं नाही तर कधीच नाही. तू नऊ वर्षांची होतीस तेव्हा आमच्या कारखान्याच्या शॉपमध्ये पत्रा दाबायची नवीन प्रेस आली. जुन्या प्रेसला दोन बटणं होती, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा साचा खाली यायचा. म्हणजे हात बटणावर असतील तर साच्याखाली जाणारच नाहीत. नवीन प्रेस पायाने चालायची, हात मोकळे, कामाचा वेग दुप्पट. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, आणि शॉपमधला सर्वांत चांगला ऑपरेटर म्हणून तीन दिवसांची ट्रायल मला दिली. तिसऱ्या दिवशी माझा हातमोजा साच्यात अडकला. मोजा गेला, हात राहिला. कुणी बघितलं नाही. संध्याकाळी ट्रायलचा कागद समोर आला, त्यात ऑपरेटरने शेरा लिहायचा असतो. मोठे साहेब पाठीवर थाप मारत होते, माझ्या नगांच्या आकड्याला सगळं शॉप टाळ्या वाजवत होतं. आणि मी लिहिलं, 'ओके'. खाली सही.

चार महिन्यांनी त्याच प्रेसवर चंद्रभानची तीन बोटं गेली. हो, आपला चंद्रभानकाका. तुला फटाक्याने गेली असं सांगितलं होतं, आणि तू दर दिवाळीत त्याला सुतळी बॉम्बपासून लांब उभं करायचीस. ते फटाक्याचं मी रचलं होतं. तू घाबरू नयेस म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं. तोही बिचारा 'हो हो, फटाकाच' म्हणत राहिला. खरं म्हणजे तू कधी विचारलं असतंस, की पप्पा, ते मशीन असं आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं का, तर मी काय बोललो असतो? अकरा वर्षं झाली. तो आता आमच्याच गेटवर वॉचमन आहे. रोज मला आधी नमस्कार तो करतो.

तर ह्या आठवड्यात पुन्हा नवीन प्रेस आली. हिला पुढे एक डोळा आहे, हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबवणारा. पण वेग कमी होतो म्हणून ट्रायलमध्ये तो बंद ठेवला होता. आज कागद समोर आला. शेजारी साहेब, मागे सगळं शॉप. मला तो तुझा चौकोन दिसला, ती निळी ओढणी, आणि तुझं ते 'मी तिला सगळ्यांपेक्षा जास्त ओळखते'. मी शेरा लिहिला, 'डोळा चालू केल्याशिवाय ही प्रेस चालवू नये. नामदेव'. साहेब म्हणाले, परत एकदा विचार करा. मी म्हटलं, विचार करायला मला अकरा वर्षं मिळाली होती साहेब. सोमवारपासून मला पॅकिंगला टाकलंय. खोकी चिकटवायची, चालेल. उद्या आमची शुक्रवारची सुट्टी आहे. सकाळी मी आणि आई चंद्रभानच्या खोलीवर जातोय, आणि तो 'ओके' माझा होता हे मी त्याला सांगणार आहे. तो काय म्हणेल मला माहीत नाही. दार लावून घेतलं तर तेही त्याचं बरोबर. पण त्याच्याआधी तुला हे दुसऱ्या कुणाकडून नाही, माझ्याकडून कळायला हवं होतं, आणि हे धाडस मला कुठून आलं तेही, म्हणून एवढं लिहिलं. तुझं मत ठेव किंवा बदल, तो निर्णय कप्तानाचा. मला एवढंच सांगायचं होतं, की वैभवी, तू वीस वर्षांची आहेस आणि तुझ्या बापाला जे जमलं नाही ते तू दोन मिनिटांत केलंस.

तुझाच, आणि सोमवारी काहीही झालं तरी तुझ्याच टीममधला,
पप्पा