दुखायचं थांबलं

४ सप्टेंबर, गुरुवार

ऑपरेशन!

पंख्याचा कपॅसिटर बदलायचाय अशा आवाजात सांगितलं डॉक्टरांनी. एमआरआयची फिल्म उजेडाला धरली आणि पेनाने दाखवलं — "ही मणक्यातली गादी सरकलीय. डाव्या नसेवर दाबतेय. म्हणून कंबरेपासून पोटरीपर्यंत कळ." उल्हासनगरला त्या बोगद्यात पडून ठोकठोक ऐकली, त्याचं फळ हे. शेजारी हेमचंद्र मान डोलवत होते. माझ्या नवऱ्याला मान डोलवायला कारण लागत नाही.

मी विचारलं, नाही केलं तर?

"माझं मत करा असंच आहे. पण थोडं थांबून बघायचं असेल तर बघू, काही जणांचं विश्रांतीने कमी होतं. चोवीस तारखेला पुन्हा दाखवा. फक्त एक लक्षात ठेवा, मॅडम. दुखतंय किती, हा माझा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न — पायात जोर किती आणि पायाला कळतंय किती. पाऊल उचलेनासं झालं, बधिर झालं, तर त्याच दिवशी यायचं. मग थांबायचं नाही."

दुखणं म्हणे दुसरा प्रश्न! यांच्या पोटरीत एकदा ही कळ जाऊ दे, मग विचारते पहिला कुठला.

अंबरनाथहून बदलापूरला, कात्रपच्या घरापर्यंत रिक्षाने आलो. प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाला "सॉरी हां मॅडम" म्हणत होता. शेवटी मीच म्हटलं, अरे बाबा, एकदाच सगळ्यांचं मिळून म्हण.

५ सप्टेंबर

पालथी पडून लिहितेय. अक्षर कोंबडीच्या पायासारखं.

फॅक्टरीत रजा कळवली. एमआयडीसीतली आमची केमिकल लॅब माझ्याशिवाय चालायची नाही असं मला वाटतं. साहेब म्हणाले, "आराम करा, नीलिमा मॅडम, सगळं चालू आहे." चालू आहे! दोनदा रीडिंग घेतल्याशिवाय मी कशावर सही करत नाही, म्हणून माझ्या नावाने बोटं मोडतात सगळे. आता मोकळे सुटले असतील.

गौरी गेल्या आणि जाताना माझी कंबर घेऊन गेल्या. पाण्याची बादली उचलली, बस, तेवढंच.

८ सप्टेंबर, सोमवार

संजीवनी वन्संचा फोन. या माझ्या मोठ्या नणंदबाई, उल्हासनगरला कॅम्पात राहतात. त्यांच्याकडे प्रत्येक आजाराचा एक शेजारी असतो.

"ऐक, नीलिमा, आमच्या मजल्यावरची सिंधी बाई. तिचं मणक्याचं केलं. तेव्हापासून बिस्तरावर! कण्याला सुरी लावू देऊ नकोस गं."

आणि आई — म्हणजे माझ्या सासूबाई — इथे आतल्या खोलीतून ओरडल्या, "आणि पितृपक्षात कुणी करतं का असलं काही?" पितृपक्ष संपला की नवरात्र. घट बसलेले असताना दवाखाना नको. नवरात्र संपली की दिवाळी. आईंच्या पंचांगात माझ्या कंबरेला मुहूर्तच नाही.

हसले. पण फोन ठेवल्यावर ती सिंधी बाई काही डोक्यातून गेली नाही.

११ सप्टेंबर

प्लँटमधला जयदेव भेटायला आला. दोन वर्षांपूर्वी त्याचं हेच ऑपरेशन झालं. मला पटावं म्हणून हॉलमध्ये धडाधड उठाबशा काढून दाखवल्या! आईंनी मोतीबिंदूचे डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाल्या, "त्याचं नशीब."

राजसीचा पुण्याहून व्हिडिओ कॉल. "मम्मा, करून टाक ना यार, किती ओढतेस!" लेकीला काय जातं.

इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहिते. मला भीती वाटते. मरायची नाही. उठताच आलं नाही तर? हेमचंद्र मला बाथरूमला नेतायत, आई बाजेवर, मी पलंगावर, आणि दोघींच्या मध्ये ते बिचारे वरण-भात लावतायत, हे डोळ्यांसमोर येतं. आजवर मी कुणाकडे पाण्याचा ग्लास मागितला नाही. ते मला जमायचं नाही.

१२ सप्टेंबर

रात्रभर कळ. पहाटे देवघराकडे बघून मनातल्या मनात म्हटलं — हे दुखणं थांबव, ऑपरेशन टळू दे, यंदाची नवरात्र अनवाणी करीन.

आईंनी ती वर्षानुवर्षं केली. मी दरवर्षी हसायचे. "आई, बदलापूरच्या रस्त्यावर अनवाणी? देवीसुद्धा चप्पल घालेल!" आता मीच. कुणाला सांगितलेलं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

वांगणीला गेलो. तिथे धोंडिबा म्हणून हाडं बसवणारा आहे, वन्संनीच शोधून दिला. शेताच्या बांधाला पत्र्याची शेड. समोर नवीन टॉवरचे मजले चढतायत आणि इकडे ओळीने माणसं पालथी पडलेली! हेमचंद्र दारातच अडखळले. "एकदा डॉक्टरांना विचारायचं का?" म्हटलं, डॉक्टर काय हो म्हणणार आहेत का?

"दुखतंय कुठं तं सांग, बाय." सांगितलं. तेल कसलं होतं देव जाणे, केसांपर्यंत वास आलाय. अंगठ्याने दाबत खाली आला आणि मग पाय धरून असा काही ओढला, की माझ्या तोंडून जे शब्द गेले ते हेमचंद्रांनी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकले.

"झालं. आता दुखाचा नाय."

बघू.

१६ सप्टेंबर

झोप लागली! सलग! सकाळी उठून पहिल्यांदा चहा मीच केला. हेमचंद्र किचनच्या दारात उभे, मी चोरी करताना सापडल्यासारखे बघत.

१७ सप्टेंबर

खालच्या भाजीवाल्याकडे जाऊन आले. कळ आहे पण लांबून, शेजारच्या घरात टीव्ही लागावा तशी. जिन्यात डावी चप्पल दोनदा पायातून सुटली. एकदा तर चार पायऱ्या चढून गेले आणि मग बघते तर पाय उघडा. ढिली झाली असेल. किती वापरायची एक चप्पल.

१९ सप्टेंबर

मागून पट्टा असलेल्या सँडल आणल्या. आता कशी सुटते बघते.

दुखणं जवळजवळ नाही. वन्संना फोन करून सांगितलं. त्या एवढ्या खूश झाल्या, की मला वाटलं वांगणीत त्यांचाच दवाखाना आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

आज काहीच दुखलं नाही. काहीच! सकाळपासून वाट बघत होते — आता येईल कळ, आता येईल. आली नाही. दुपारी बाल्कनीत उभी राहून रडले. आनंदानेच. किती दिवस दात आवळून होते ते आज कळलं.

आई म्हणाल्या, "हल्ली तू जिना चढलीस की मला आतून कळतं. एक पाय वाजतो तुझा. फट् फट्."

म्हटलं, नवीन सँडल आहेत, आई.

२१ सप्टेंबर. सर्वपित्री

आईंना नवसाचं सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लग्न होऊन आले तेव्हा फिरवला होता, त्यानंतर आजच. मग लगेच मूळ पदावर — "यंदा तिथी वाढलीय बरं का. दहा दिवस अनवाणी. नवस बोलताना पंचांग बघायचं असतं."

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

आजचा रंग पांढरा. सँडल बॉक्समध्ये घालून कपाटावर ठेवल्या.

अनवाणी खाली गेले. मला वाटलं होतं खडे टोचतील, दोन पावलांत नवस आठवेल. उजव्याला टोचले. डाव्याला काही विशेष नाही. सवय होते म्हणतात, एका पायाला आधी झाली वाटतं.

सोसायटीत मांडव घातलाय. वॉचमन म्हणाला, "मॅडम, आप भी नंगे पाँव? ऑपरेशन नहीं हुआ?" म्हटलं, नहीं हुआ और नहीं होगा!

२४ सप्टेंबर, बुधवार

डॉक्टरांकडची वेळ रद्द केली. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, "पेन कसं आहे?" नाही म्हटलं. "अरे वा!" म्हणाली. झालं. दोघीही खूश.

हेमचंद्र मात्र जेवताना हळूच, "दुखत नसलं तरी एकदा दाखवून यायला काय हरकत होती?"

"दुखतच नाही तर दाखवू काय?"

"ते दुसरा प्रश्न म्हणाले होते ना त्याला..."

मान डोलवणाऱ्या माणसाने नेमकं हेच लक्षात ठेवायचं! मी आमटी वाढली आणि विषय संपवला.

२६ सप्टेंबर

हिरवा. उंबऱ्याला अंगठा आपटला. नखाखाली काळं झालंय. पूर्वी अशी ठेच लागली की ब्रह्मांड आठवायचं, आज काहीच नाही. माझी सहनशक्ती वाढली की काय!

२८ सप्टेंबर, रविवार

हेमचंद्रांशी भांडण. एकतर्फी. ते भांडत नाहीत, हाच तर वैताग.

मी पलंगावर बसले होते. त्यांनी समोर खुर्ची ओढली आणि म्हणाले, "नीलू, डाव्या पायाचा पंजा वर उचल बघू."

"ही काय थट्टा?"

"उचल ना."

म्हटलं, मी काय सर्कशीत आहे? तुम्हाला माझं बरं झालेलं बघवत नाही का? सगळ्यांना माझं ऑपरेशनच व्हायला हवंय! तो जयदेव उठाबशा काढतो, लेक फोनवरून हुकूम सोडते, आता तुम्ही! बरंच काही बोलले. ते खुर्ची जागेवर ठेवून भाजी निवडायला गेले.

मग दार लोटून उचलून पाहिला.

उजवा उचलला. डावा उचलायला गेले, तर नुसती बोटं हलली. पुन्हा पाहिलं. दुसऱ्यांदाही तेच.

थकवा असेल. उपास चाललेत. दसरा होऊ दे, मग बघू. आता अष्टमीवर आलं सगळं, आईंनी आस धरलीय, नवस अर्धा टाकून दवाखान्यात गेले तर त्या काय म्हणतील? आणि डॉक्टर काय म्हणतील ते तर मला ठाऊकच आहे.

ठाऊक आहे म्हणूनच जात नाहीये. असं कागदावर लिहिल्यावर फार वाईट दिसतं.

२९ सप्टेंबर

मोरपिशी साडी. दांडियाची गडबड, मांडवात पोरांनी ट्यूब फोडली. झाडून घेतली म्हणे. हेमचंद्र कालपासून नेहमीसारखेच. चहा आणून दिला, पायाबद्दल अक्षर काढलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

३० सप्टेंबर, मंगळवार. अष्टमी

हेमचंद्र रिक्षा आणायला गेलेत. तेवढ्यात लिहितेय.

खालची आरती आटोपून वर आले. देवापुढे वात सारत होते, तर मागून आई ओरडल्या, "नीलिमा! देवी आली गं घरात! पावलं उमटलीत बघ!" दारापासून घटापर्यंत फरशीवर लाल पावलं, आणि आई हात जोडून उभ्या. मला वाटलं, कुणीतरी कुंकू सांडलं. फडकं टाकलं आणि उजव्या पायाने पुसत गेले. वळून बघते तर पुसलेल्या फरशीवर पुन्हा उमटलेली.

सगळी एकाच पायाची. डाव्या.

ट्यूबची काच, अख्खी तळव्यात शिरलेली. हेमचंद्रांनी ओढून काढली. मी बघत होते म्हणून कळलं, नाहीतर तेही कळलं नसतं.

डॉक्टरांना फोन मीच केला. लगेच निघा म्हणाले. आता मी घाबरलेय, आणि तरी जातेय.

आई अजून ती पावलं पुसू देत नाहीत. मी म्हटलं, अहो आई, माझं रक्त आहे ते.

"असू दे. चपला असत्या तर कळलं असतं का तुला? देवीच होती ती." मग माझी पिशवी माझ्या हातात देत म्हणाल्या, "घटाचं मी बघते. तू जा. करून ये ऑपरेशन."