सकाळी अकराचं नाटक

प्रिय बाई,

काल तुमच्या नाटकमंडळाच्या बैठकीत मी हात वर केला, आणि चुकीच्या बाजूनं केला. घरी आल्यापासून जेवण गोड लागत नाही. आमची मंडळी म्हणाली, "पोटात काय आहे ते बोलून टाका, नाहीतर लिहून तरी काढा." बोलणार कुणाशी? ज्यांच्याशी बोलायचं त्या तुम्ही चैत्रातच निघून गेलात. म्हणून लिहायला बसलो. अख्खी नोकरी कोर्टात पट्टेवाला म्हणून काढली, पण रजेचे अर्ज सोडले तर मी कुणाला कधी काही लिहिलेलं नाही. शुद्धलेखनाच्या चुका निघतील. निघू देत! लाल पेन घेऊन तपासायला तुम्ही कुठे आहात आता?

झालं असं की अलिबागजवळ बंगला बांधलेल्या एका मुंबईच्या गृहस्थांनी आपला म्हसळ्याचा प्रयोग पाहिला होता. भला माणूस आहे. तो म्हणतो, पुढच्या नाटकाचे सगळे संवाद आधीच यंत्रावर भरून घेऊ. प्रयोगाच्या वेळी ते आवाज लावायचे आणि तुम्ही नुसते ओठ हलवायचे. म्हणजे विसरायची भीतीच नाही! सुपारीच्या वाडीवाले आपले अण्णा हे ऐकून लहान मुलासारखे खूश झाले. एकेक करून सगळ्यांचे हात वर गेले आणि त्यांत माझाही गेला. तुमच्या मंडळाच्या एकुलत्या एक प्रॉम्प्टरचा!

एकटी पारूमावशी तेवढी उसळली. "मी मेल्यावर लावा त्यो आवाज. जिती हाय तवर मीच बोलनार!" मग तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "दत्ताराम, बाई असती तं काय बोलली असती?" मी माझ्या चपलांकडे बघत बसलो. शेवटी अण्णा म्हणाले, रविवारच्या तालमीला पक्कं ठरवू. तेव्हा चार दिवस हाती आहेत.

बाई, तुम्ही मला या भानगडीत ओढलंत तो दिवस आठवतो का? बँकेत आपण सगळे पेन्शनवाले हयातीच्या दाखल्यासाठी रांगेत बसलो होतो. आतली मुलगी नावं पुकारत होती, ती पहिल्या बाकापर्यंतही पोचत नव्हती. मला राहवलं नाही. मी उठलो आणि कोर्टात पुकारा करायचो तसा एकेकाला हाजिर करायला लागलो. अर्ध्या तासात रांग संपली. तुम्ही बाहेर गाठून म्हणालात, "उद्या सकाळी देवळाच्या सभामंडपात या. तुमच्या गळ्याचं काम आहे." मी म्हटलं, "कशाला? कुणावर समन्स बजावायचंय?" तुम्ही हसलाही नाहीत. शाळेतल्या बाईंना नाही म्हणायची सवय आपल्या चौलात कुणाला आहे?

तिथे गेलो तर सात-आठ म्हातारी माणसं गोलात खुर्च्या टाकून बसलेली. तुम्ही म्हणत होतात, "नाटकात म्हाताऱ्याला काम काय? पहिल्या अंकात खोकायचं आणि दुसऱ्यात मरायचं. आपल्या नाटकात कुणी खोकणार नाही आणि कुणी मरणारही नाही." मला वाटलं, बाईंना ऊन लागलंय. पण त्या दिवशी दुपारी घरी जाताना मी वाटभर एकटाच हसत होतो. बायकोच्या लक्षात आलं.

काय एकेक शक्कल होती तुमची! नाटक सकाळी अकरालाच. संध्याकाळी म्हाताऱ्यांना दिसत नाही, परतायला गाडी नसते, आणि दुपारी जेवल्यावर डोळा लागतो. मध्यंतरं दोन, कारण एकानं भागत नाही. अंधार करायचा नाही, कुणी धडपडेल. कमी ऐकू येणारे पहिल्या रांगेत आणि गुडघेवाले कडेला, पाय लांब करता यावेत म्हणून. कुठल्या शहाण्यानं असा विचार केला असता? आम्ही नटांनी उभं राहायचं की बसायचं हेही तुम्ही आदल्या आठवड्यात कुणाची कंबर धरलीय ते विचारून ठरवायचात.

माझी मात्र पंचाईत झाली. प्रॉम्प्टरनं कुजबुजायचं असतं आणि माझं कुजबुजणं रेवदंड्यापर्यंत जातं! पहिल्याच तालमीला मी विंगेतून वाक्य दिलं आणि शेजारच्या दुकानातून माणूस बघायला आला. दुसरं कुणी असतं तर मला नारळ दिला असता. तुम्ही माझी खुर्ची उचलून सरळ रंगमंचावर ठेवलीत. म्हणालात, "प्रत्येक घरात एक काका असतोच, जो पेपर वाचत बसतो आणि मध्येच बोलतो." पेपरच्या आत नाटकाची वही. नाटक कुठलंही असो, काका मी!

आणि ती खूण! ज्याला वाक्य आठवणार नाही त्यानं घाबरायचं नाही, नुसतं म्हणायचं, "मी काय म्हणत होतो?" की मी पेपरमधून डोकं काढून मोठ्यानं वाक्य द्यायचं. आपल्या वयाचा माणूस हे दिवसातून दहा वेळा म्हणतो, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नसे. उलट अलिबागच्या प्रयोगात अण्णांनी "मी काय म्हणत होतो?" म्हटल्यावर मी पान शोधेपर्यंत पुढच्या रांगेतल्या आजीच ओरडल्या, "अवो, तुमी सुनेचं सांगत व्हताव!" बाई, हसता हसता तुम्ही तोंडाला पदर लावलात.

अण्णांनी तर एकदा कहरच केला होता. मुलगी बघायच्या प्रवेशातून त्यांनी थेट शेवटच्या प्रवेशातलं वाक्य म्हटलं आणि आलेल्या पाहुण्यांना लग्नाच्या पंगतीला बसवलं. आम्ही सगळे गार! तुमची एन्ट्री नसताना तुम्ही शांतपणे आत आलात आणि म्हणालात, "अहो, आधी मुलगी तर दाखवा!" टाळ्या कितीतरी वेळ थांबल्या नाहीत. अण्णा अजून सांगतात की तो विनोद त्यांनी मुद्दाम केला होता.

पारूमावशीला तर तुम्ही उभी केलीत, दुसरं काही नाही. जन्मभर मासळी विकली तिनं, अक्षरओळख नाही. ती ओट्यावर सुकट निवडायची आणि तुम्ही शेजारी पाट टाकून तिला वाक्यं सांगायचात. एक वाक्य ती वहीतल्यासारखं म्हणेल तर शपथ! अर्थ तोच, पण शब्द तिचे. मी तक्रार केली की मला प्रॉम्प्ट कसं करायचं हेच कळत नाही, तेव्हा तुम्ही मलाच दटावलंत. "तिला पाठ नाहीये, दत्ताराम. तिला कळलंय."

आता म्हसळ्याचं. लिहू की नको, असं करत मी इथवर आलो.

त्या नाटकात तुम्ही आई होतात आणि अण्णा तुमचा मुलगा. ते तुमच्याहून सात वर्षांनी मोठे! तुमचा नियम सोपा होता, चष्मा लावला की म्हातारा, काढला की तरुण. मुलगा आईला पुण्याला न्यायला आलाय. सामान बांधून झालंय. शेवटी आई एकच वाक्य बोलते, "तू जा. मला इथं माणसं ओळखतात." की नाटक संपलं.

अण्णा म्हणाले, "चल आई." तुम्ही उभ्या राहिलात. आणि थांबलात.

वहीत त्या वाक्याखाली माझं बोट होतं. तुम्ही वळून माझ्याकडे बघितलंत. खूण केली नाहीत. मी मनात म्हटलं, काय थांबलीय बाई! नटी असावी तर अशी! समोर प्रेक्षकांत कुणीतरी मुसमुसायला लागलं. मी आपला वेडा, तुमच्या अभिनयावर खूश होऊन पेपरआड बसून राहिलो. ज्याच्या नुसत्या कुजबुजण्यानं दुकानं रिकामी व्हायची तो मी, त्या एका वेळी तोंड मिटून बसलो!

शेजारणीच्या कामात असलेली पारूमावशी तेवढ्यात पुढे आली. तुमच्या दंडाला धरून अण्णांना म्हणाली, "ती न्हाय यायची. हितं तिला समदी वळखतात." आणि सगळी माणसं उभी राहिली. ज्यांना उभं राहवत नव्हतं तीसुद्धा, खुर्चीचा हात धरून.

परतताना जेवणानंतरची वेळ, गाडीत सगळे पेंगत होते, अण्णा घोरत होते. मी तुमचं कौतुक करायला तोंड उघडलं तर तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "दत्ताराम, मला वाक्य आठवलं नाही."

मी म्हटलं, "मग खूण करायची ना. 'मी काय म्हणत होते' एवढंच तर म्हणायचं."

"तेही आठवलं नाही," तुम्ही म्हणालात.

मग म्हणालात, कुणाला सांगू नका. मी हो म्हटलं. त्यानंतर तुम्ही मोठं काम घेतलं नाहीत. विचारलं तर म्हणायचात, आता दिग्दर्शनच बरं. दीड महिन्यात झोपेतच गेलात. आम्हाला निरोप घ्यायलाही फुरसत दिली नाहीत! एवढी कसली घाई होती, बाई? आपल्या नाटकात कुणी मरणार नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?

तुमच्या त्या नजरेला मी उत्तर दिलं नाही. ते मला अजून सलतं. काल हात वर केला तो त्याच भीतीनं. यंत्र असलं की मला कुणाला सांभाळायला नको आणि कुणाला सांभाळताना चुकायलाही नको, एवढाच माझा स्वार्थ. म्हातारपणी पळपुटेपणा सुचला मला!

पण आज सकाळपासून अण्णांचं एक वाक्य कानात बसलंय. काल पारूमावशीला समजावताना ते म्हणाले, "अगं, बाईंची गोष्ट वेगळी होती. त्या एकदाही विसरल्या नाहीत. आपण विसरणारी माणसं." सगळ्यांनी माना हलवल्या. म्हणजे ही माणसं यंत्राकडे निघालीयत ती तुमच्यामुळेच, बाई! तुम्ही कधी विसरला नाहीत असं त्यांना वाटतं, म्हणून त्यांना स्वतःची लाज वाटते. खरं काय ते एकट्या मला ठाऊक, आणि मला तुम्ही गप्प बसवून गेलात.

हे तुम्ही बरोबर केलं नाहीत. आम्हाला विसरायला शिकवलंत, विसरलं तरी समोरच्याकडे बघत उभं कसं राहायचं ते शिकवलंत, आणि स्वतःच्या वेळी मात्र लपवलंत? आमच्यासमोर लाजायचं काय होतं? आम्ही काय तुमचे विद्यार्थी होतो?

तेव्हा तुम्हाला दिलेला शब्द मी मोडणार आहे. रागवायचं असेल तर खुशाल रागवा. रविवारी सकाळी खुर्चीत बसण्याआधी मी उभा राहीन आणि सांगेन, म्हसळ्याला बाई विसरल्या होत्या. हळू बोलणं मला जमत नाही, म्हणजे रस्त्यावरच्यांनाही कळेल, त्याला माझा इलाज नाही. पारूमावशीला सांगेन की त्या दिवशी नाटक तिनं संपवलं. मग कुणाला यंत्र हवं असेल त्यानं हात वर करावा. माझा खाली असेल.

आणि हा दुसरा शब्द, हा मोडणार नाही. यापुढे रंगमंचावर कुणी थांबलं की मी वाक्य देईन. खूण केली तर देईन आणि नाही केली तरी देईन. तो अभिनय असला, तर बिघडेल बिचाऱ्याचा. लोक म्हणतील, हा दत्ताराम मध्येच ओरडतो. म्हणू देत. माझ्याकडे बघत कुणाला एकटं उभं ठेवायचं नाही, एवढं मी आता ठरवलंय.

तुमचा आज्ञाधारक असं लिहिणार होतो, पण आज्ञा तर आत्ताच मोडली. म्हणून नुसता तुमचा,

दत्ताराम