एक सवाष्ण हवी

७ सप्टेंबर १९९८, सोमवार
सकाळी कॉलेज. अकरावीला तर्कशास्त्राचे दोन तास. दुपारी मेसचा डबा. भात कच्चा. संध्याकाळी थोरली बहीण आक्का कागलहून येऊन गेली. पुढच्या सोमवारी अविधवा नवमी. मालन मार्चमध्ये गेली, मी मागे आहे, तेव्हा तिच्या नावानं एक सवाष्ण जेवू घालायलाच हवी म्हणाली. नाहीतर बिचारी उपाशी राहील. मला हे पटत नाही. पण मालनला, माझ्या बायकोला, पटलं असतं. करायचं ठरवलं. स्वयंपाक आक्का करणार. ती विधवा, पाटावर बसू शकत नाही. सवाष्ण मी बघायची. किरकोळ काम.

८ सप्टेंबर
आज वर्गात नेमका आशय आणि व्याप्तीचा धडा. आशय म्हणजे एखादं नाव लागू होण्यासाठी कोणते गुण हवेत ते. व्याप्ती म्हणजे ते नाव ज्यांना ज्यांना लागू होतं ते सगळे. घरी येऊन ‘सवाष्ण’ तपासलं. आशय: नवरा जिवंत असलेली बाई. व्याप्ती: जवळजवळ अख्खी गल्ली. त्यातली कोणतीही दुसरीइतकीच चालेल. प्रश्न शास्त्रीय पद्धतीनं सुटला. उद्या एकीला सांगून टाकायचं.

१० सप्टेंबर
सांगितलं नाही. घाई नको. समोरच्या शालूबाई व्याप्तीत बसतात, पण जेवताना बोलतात. मालन बोलत नसे. तानाबाईंचा आवाज मोठा. हंबीररावांची सून फारच तरुण. मालन आमटी वाढायच्या आधी भाताला नीट आळं करायची. तसं कोण करतं, हे विचारणार कसं?
हे गुण आशयात येत नाहीत, मला माहीत आहे. पोरांनी पेपरात लिहिलं तर मी मार्क कापतो.

११ सप्टेंबर
आक्काचा फोन. आवतण दिलंस का? हळदकुंकू घेऊन दारात जायचं, नाव घेऊन बोलवायचं. कुंकू मी लावणं बरं दिसत नाही. आक्कालाही लावता येत नाही. अडचण खरी आहे, सबब नाही.
उपाय सापडला. तालमीच्या दाराशी फळा आहे. गल्लीतलं मयत, मीटिंग, पाण्याची वेळ, सगळं त्यावर लिहितात.

१२ सप्टेंबर, सकाळी
फळ्यावर स्वच्छ अक्षरात लिहून आलो: ‘सोमवारी दुपारी बारा वाजता जेवणास एक सवाष्ण हवी. कोणीही चालेल.’ खाली नाव, घर नंबर. कुणावर अन्याय नाही, कुणाचा रुसवा नाही. ही रीत सगळ्यांनी उचलावी.

संध्याकाळी
तालमीतले हंबीरराव भेटले. म्हणाले, “सर, ह्ये आवतण हाय का नोकरीची जाहिरात? पगार लिवायचा ऱ्हायला की.” हसलो. त्यांचं शिक्षण कमी.

१३ सप्टेंबर, रविवार
नळावर शालूबाईंनी विचारलं, “कुणीबी चालतंय म्हणं सर?” तत्त्वतः होय, म्हणालो. “मग घाला की कुणालाबी,” म्हणाल्या आणि घागर उचलून गेल्या. म्हणजे पद्धत त्यांना मान्य दिसते.
आक्का आली. ओटीला मालनची न नेसलेली हिरवी साडी काढ म्हणाली. साडी म्हणजे साडी. महाद्वार रोडवरून दुसरी आणली. कपाटाची किल्ली सापडली नाही असं सांगितलं. खिशात होती.

१४ सप्टेंबर, सोमवार
रजा काढली. पाट, रांगोळी, पुरणपोळी, कटाची आमटी. बारा वाजले. कोणी नाही. व्याप्ती एवढी मोठी असताना असं होऊ नये.
एक वाजता दारात उभा राहिलो. समोर शालूबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. माझ्याकडे बघत होत्या. मीही बघितलं. ‘शालूबाई, या’ एवढंच म्हणायचं होतं. त्या पाटावर बसतील, जेवतील, हात धुतील, मग मालनच्या नावाचं जेवण झालं असं होईल. आत आलो.
तीनला आक्काच बाहेर पडली. तानाबाईंना वाटलं शालूबाई जातील. हंबीररावांच्या सुनेला वाटलं थोरल्या असताना आपण कसं जावं. सगळ्या जेवून बसलेल्या. शालूबाई आक्काला म्हणाल्या, “दोन वाजंपतूर उपाशी बसलोतो मी. मालनवैनीसाठी नगं म्हणलं असतं व्हय? पर मी काय कुणीबी हाय? सरांनी नाव घिऊन एक हाक मारायची की.”
आक्कानं हे सगळं मला जसंच्या तसं सांगितलं. पान गाईला घातलं. पाचच्या गाडीनं कागलला गेली.
आमटी गरम केली. ओट्यापाशी उभ्यानंच जेवलो. उरलेल्या पोळ्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या.