त्सोना आजीची चटणी

७ सप्टेंबर, शनिवार

चटणी अप्रतिम! पाव संपला तरी बोटं चाटत बसले. झ्लात्काने शिवणकारखान्यातली नोकरी सोडून साठवलेलं सगळं लाल मिरच्यांत घातलंय. हा हंगाम बुडाला तर परत शिलाई मशीनवर — तेही घेतलं तर.

विचारलं, "कृती कुणाची?" म्हणे, "माझीच." इथेच घोडं पेंड खातं! 'माझीच' असं लिहून काही खपत नाही. लोकांना आजी लागते. आधी माझा सल्ला घ्यायला आलेल्या सहा जणांना मी बाटलीवर एकेक आजी दिली, फोटो आणि नावासकट — लोणचं, मध, जॅम, काय वाट्टेल ते — आणि सहाही धंदे चालले.

"मला आजी नाही, ताई. मी अनाथाश्रमातली."

"मग विकत आणू!" म्हटलं. हसली बिचारी. माझी जीभ फार चालते.

८ सप्टेंबर

जुन्या बाजारातून आजी आणली — आधीच्या सहा जिथून आणल्या, त्याच माणसाच्या जुन्या फोटोंच्या त्याच खोक्यातून. डोक्याला रुमाल, डावी पापणी अर्धी मिटलेली. फोटोमागे काही लिहिलेलं नाही. नाव 'त्सोना' ठेवलं. कुठून सुचलं कुणास ठाऊक.

१६ सप्टेंबर

लेबलं आली. या वेळी काळी चौकट — महागाचा माल वाटतो. छापखान्यातला गांचो म्हणाला, "रादोस्तिना, हे बाटलीवर लावायचंय की विजेच्या खांबावर? अशी चौकट खांबावर डकवतात त्या मेलेल्यांच्या कागदाला असते!" मी सोफियात बारा वर्षं जाहिराती केल्या, आणि हा मला शिकवतोय!

२१ सप्टेंबर

पहिला बाजार. दोन तासांत सगळ्या बाटल्या गेल्या आणि पैशांच्या डब्यात एक लेव नाही. बायका यायच्या, चित्र बघायच्या, "देव तिला क्षमा करो" म्हणायच्या आणि बाटली पिशवीत टाकून चालू पडायच्या. मेलेल्यांच्या नावाने वाटलेलं घेतात ना, अगदी तसं. त्याचे आभारसुद्धा मानायचे नसतात, पैसे तर दूरच.

मी माती खाल्ली. गांचो बरोबर होता.

झ्लात्कावर ओरडले, "तोंड नव्हतं तुला?"

"त्या तिच्यासाठी क्षमा मागत होत्या, ताई. मध्येच पैसे कसे मागू?"

२२ सप्टेंबर

गांचोला फोन. लाल चौकट, फुलं. तो हसला नाही, तेच जास्त लागलं.

२८ सप्टेंबर

लाल चौकट, फुलं, वर ठसठशीत किंमत — तरी तेच! शेवटी एका म्हातारीचा हात धरला. "आजी, ही विकायला ठेवलीय."

"त्सोनाच्या नावाचं विकतेस? लाज कशी वाटत नाही, पोरी?"

"कोण त्सोना?"

"कोण म्हणजे? राकोवेत्स गावची! चटणीत करपलेली साल मुद्दाम ठेवायची. हिनेही ठेवलीय, बघ चाखून."

हसायला गेले. मग बाटली उचलून फोटो पुन्हा बघितला.

२ ऑक्टोबर

नाव मी ठेवलं होतं. मी!

३ ऑक्टोबर

बसने राकोवेत्सला गेले. कबरस्तानात कमरेएवढं गवत. दगडावर नाव आहे — त्सोना. शेजारी चिकटवलेल्या फोटोत तीच पापणी. झाडलोट करणारी बाई म्हणाली, "मागे कुणी नाही हो तिच्या. पस्तीस वर्षांत कुणी एक घास वाटला नाही. वाटल्याशिवाय तिकडे पोचत नाही काही. उपाशीच आहे ती."

मला तिथे उभं राहवेना. परतीच्या बसला तासभर होता, तरी फाट्यापर्यंत चालत आले.

४ ऑक्टोबर

झ्लात्काला खोक्यापासून सगळं सांगितलं. वाटलं, बाटली फेकून मारेल. ती मिरच्या सोलत राहिली.

"तिला कुणी नाही, मला कुणी नाही. मग अडलंय कुठे?"

मी बसायला गेले तर म्हणाली, "ते स्टूल नको, ताई. तिचं आहे."

स्टुलापुढे दुसरी परात होती. सोललेल्या मिरच्या, अजून गरम. झ्लात्काची परात तिच्या मांडीवर होती. उभ्यानेच कॉफी प्यायले.

२ नोव्हेंबर, मृतांचा शनिवार

झ्लात्काने अर्ध्या हंगामाच्या बाटल्या राकोवेत्सच्या कबरस्तानात वाटून टाकल्या! मी हात जोडले — वीस पुरे, तीस पुरे. "घरच्या माणसाला कुणी मोजून वाढतं का?" म्हणाली. गवत तिनेच काढलं होतं, आदल्या दिवशी. दगडाला हात लावून रडली, मग मीही रडले. कशासाठी ते सांगता येणार नाही, पण फार बरं वाटलं.

जाताना बसमध्ये आम्ही दोघीच होतो. ड्रायव्हरने तीन तिकिटं फाडली. परतीला दोनच.

९ नोव्हेंबर

बाजार. लोक किंमत विचारताहेत! घासाघीस करताहेत! बारा वाजता टेबल रिकामं, दोन दुकानांची मागणीही हातात. झ्लात्का मशीनवर परत जात नाही. गांचोने दोन बाटल्या नेल्या, टोमणा न मारता. ती म्हातारीही आली, रोख पैसे देऊन गेली. "जेवली एकदाची," म्हणाली.

१० नोव्हेंबर

सकाळी बेल वाजली. दारात सहा म्हाताऱ्या, प्रत्येकीच्या हातात रिकामी वाटी. ओळखल्या सगळ्या — नावं मीच दिली होती.