सोडून दिलेला डाव

ती. बाबांना,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं. शिवणाच्या कारखान्यातल्या मोठ्या बाई आता रोज ओरडत नाहीत, एक दिवसाआड ओरडतात. आईचे गुडघे कसे आहेत?

गंमत म्हणजे आमच्या घरमालकीणबाई बुद्धिबळ खेळतात. रविवारी त्यांच्याशी डाव मांडला. माझा वजीर गेला तशी मी हात टेकले. मग तुम्ही शिकवलंय तसं, हरलेला डाव पुन्हा मांडून बसले. त्याही चष्मा चढवून शेजारी बसल्या. बराच वेळ डोकं खाजवल्यावर मलाच दिसलं, की घोडा दोनच घरांत नाचवत शह देत राहिले असते, तर त्यांचा राजा कोपऱ्यातून सुटलाच नसता. डाव बरोबरीत!

"म्हणजे तू हरली नव्हतीसच," बाई म्हणाल्या. "उगाच उठलीस."

मला एकदम रडूच फुटलं. "अगं, खेळच तर आहे!" म्हणत बिचाऱ्या पाणी घेऊन आल्या.

बाबा, तुम्हाला कळवलं नव्हतं, पण मी परतीचं तिकीट काढलं होतं. सोमवारी ते रद्द केलं आणि कामावर गेले. आईला यातलं काही बोलू नका. तिला एवढंच सांगा, पोरगी रुळली म्हणून.

तुमचीच,
चिमणी