पल्याडच्या काठावरची बाई

कळंबा,
११ डिसेंबर २०२३

ती. सरुआत्यास,
सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून पत्रं लिहायची, आणि पत्रातसुद्धा तू ओरडतेस, म्हणजे आमची सुटका कुठंच नाही. पोटातलं बाळ सहाव्या महिन्यात असताना मी अजून पळते, ही चुगली सूरजनंच केली असणार. नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही. पण मी डॉक्टरीणबाईंना विचारूनच पळते. त्या म्हणाल्या, पहिल्यापासून पळणारी आहेस तर चालू ठेव, फक्त दम लागून बोलता येईना झालं की थांब. म्हणून मी पळताना पाढे म्हणते. बंधाऱ्यावर फिरायला येणारे म्हातारे मला वेडी समजतात.

सासूबाई काही बोलत नाहीत. मी बूट घालायला बसले की आत भांडी मात्र जरा जोरात वाजतात. सूरजला त्या म्हणाल्या, की तुझी बायको पळून पळून शेवटी जाणार कुठं हाय? त्यानं मला सांगितलं आणि आम्ही दोघंही हसलो. एकवीस किलोमीटरची शर्यत एकदा पुरी करायची, एवढं मला ठाऊक आहे. त्यापुढचं ठाऊक नाही.

एक गंमत सांगायची राहिली. काही दिवसांपासून तळ्याच्या पल्याडच्या काठावर एक बाई पळताना दिसते. धुकं असतं, चेहरा दिसत नाही. मी हळू झाले की ती हळू होते, मी वळले की वळते. मी हात वर केला, तेव्हा मात्र तिनं केला नाही. तिची चाल इतकी हलकी आहे, की या अवघडलेल्या अंगानं मला तिचा हेवा वाटला. बंधाऱ्याच्या टोकाला चहाची गाडी लावणाऱ्या गुंडूला विचारलं, ही कोण? तो म्हणाला, वैनी, तिकडं निस्ता चिखल आन् गवात हाय, पळायला वाटच न्हाय की.

कानाला मशीन बसवून घे. लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.

तुझी,
दीक्षा


गारगोटी,
२० डिसेंबर २०२३

चि. सौ. दीक्षा हिस,
जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

सगळा जन्म शाळेच्या मैदानावर पोरं पळवण्यात गेला, त्यामुळं माझा आवाज पत्रातही खाली येत नाही. मशीन नको. जे ऐकायचं ते ऐकून झालं आहे.

पळतेस ते चांगलं करतेस. नाचणीचं आंबील घेत जा, ओल्या गवतावर पाय टाकू नकोस, आणि सासूच्या भांड्यांकडं लक्ष देऊ नकोस. त्या बाईला कुणी पळू दिलं असतं तर तीही भांडी आपटत बसली नसती.

त्या दुसऱ्या बाईचं म्हणशील, तर आपल्या घरात भूतखेत मानत नाहीत. तुझ्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच दिवशी उंबऱ्यावरचं लिंबू स्वतःच्या हातानं तोडून फेकलं होतं. तेव्हा भिऊ नकोस. पण तिच्या मागं लागू नकोस. का, ते मला विचारू नकोस.

बाळंतपणाच्या आधी एकदा येऊन जाईन म्हणते. गुडघे काय म्हणतात बघू.

तुझी ओरडणारी,
सरुआत्या


कळंबा,
२६ ऑगस्ट २०२४

ती. सरुआत्यास,
सविनय जयभीम, वि. वि.

बारशानंतर तुला लिहिलंच नाही. आता लिहायला वेळच वेळ आहे, कारण माझा पाय प्लास्टरमध्ये आहे.

तू मागं लागू नकोस म्हणाली होतीस. मी लागले. क्रांती तीन महिन्यांची झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. आधी चालणं, मग थोडं थोडं पळणं. पल्याडची बाई आता अल्याड आली होती, बंधाऱ्यावरच, माझ्या पुढं. उजवा पाय जरा बाहेर फेकत पळायची. शाळेत असताना माझी ती खोड मोडायला तू किती ओरडली होतीस, आठवतं? तीच खोड. रात्रभर पोरीला पाजून मी जड पायांनी पळायची आणि ती पुढं वाऱ्यासारखी. एका सकाळी मला राग आवरेना. वाटलं, हे माझं आहे आणि ती घेऊन चालली आहे. जीव तोडून पळाले. ती हाताच्या अंतरावर आली. तिच्या वेणीला माझाच निळा रबर होता. तेवढ्यात सांडव्याजवळच्या उखडलेल्या दगडात माझा पाय अडकला आणि घोटा मोडला. पडल्यावर मान वर केली, तर ती थांबली नव्हती.

हे मी कुणाला सांगितलं नाही. पण गेल्या आठवड्यात गुंडूनं सूरजला अडवून विचारलं, की वैनी प्लास्टर काढून पळाय लागल्या व्हय, जरा दमानं घ्या म्हणावं. सूरजला वाटलं, माणूस चुकला. मग आणखी दोघांनी तेच सांगितलं. माझे बूट कॉटखाली होते, ते ओले निघाले, तळाला तांबडा चिखल. त्यानं मला तोंडावर विचारलं, की मला फसवतीस का? आत्या, मला त्याच्या खांद्याशिवाय मोरीपर्यंत जाता येत नाही. त्यानं बूट कपाटात कोंडले आणि किल्ली खिशात घातली. तेव्हा सासूबाई मध्ये पडल्या. म्हणाल्या, ही माझ्या डोळ्यापुढं झोपली हुती, तू कुणावर आळ घेतोस? त्या माझ्या बाजूनं बोलतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

खरी काळजी निराळीच आहे. माझं दूध आटत चाललंय. क्रांती छातीला लागते आणि रडून तोंड फिरवते. वरचं दूध ओकून टाकते. वजन उतरलंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, दुखणं आणि काळजी, दुसरं काही नाही. असेल. पण मला आता पळावंसंच वाटत नाही. तळ्याकडची खिडकी उघडी असली तरी मान तिकडं वळत नाही.

मला रागाव, पण लवकर लिही.

तुझी,
दीक्षा


कळंबा,
५ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
सूरजचा जयभीम.

मी कधी पत्र लिवलं न्हाय. उद्यमनगरात लेथवर काम करनारा माणूस मी. चुकलं तर सांभाळून घ्या.

तुमच्या भाचीवर मी आळ घेतला. ती काय तुमाला सांगायची न्हाय, म्हणून मीच सांगतो. मला वाटलं, शर्यतीच्या येडापायी ही पाय घालवनार आन् पोरगीबी. म्हणून काल उजाडताना तिच्याजवळ आईला बसवून मी बंधाऱ्यावर गेलो. गुंडूच्या गाडीपाशी हुबा ऱ्हायलो.

ती आली. माझ्या बायकोला मी शंभरात वळखतो. हाक मारायला तोंड उघडलं, तवर ती जवळ आली. ती माझ्या अंगावरनं गेली, पण माझ्याकडं बघितलं न्हाय. गुंडूबी चहा वतायचा थांबला. तिचा टीशर्ट छातीवर भिजलेला. मला वाटलं, घाम असंल. पण वास आला, आत्या. दुधाचा. क्रांतीच्या दुपट्याला येतो, तसा.

मी घरापातूर पळत आलो. दीक्षा अंथरुणातच हुती. आई म्हणाली, जागची हलली न्हाय. पण ती झोपेत धापा टाकत हुती आन् पोरगी शेजारी रडत हुती. कपाट उघडलं. बूट आतच हुते. हात घातला, तर आतनं गरम.

मी दीक्षाची माफी मागितली. ती निस्ती भिताडाकडं बघत बसली. पोरगी दिवसेंदिवस हलकी व्हाय लागली हाय. मला दुसरं कोन न्हाय विचारायला. काय करू, तेवढं कळवा.

तुमचा जावई,
सूरज


गारगोटी,
९ सप्टेंबर २०२४

चि. सूरज आणि चि. सौ. दीक्षा, दोघांस जयभीम आणि आशीर्वाद.

दोघांना मिळून एकच पत्र लिहिते. एकत्र बसून वाचा.

मी भूतखेत न मानणारी बाई आहे आणि आजही मानत नाही. हे भूत नव्हे. यात मेलेलं काही नाही.

माझा जयसिंग झाला तेव्हा माझं पळणं बंद पडलं. कुणी बंदी घातली नाही, घर आणि शाळा यांतून वेळच उरेना. मग लोक सांगायला लागले, बाई, सकाळी तुम्हाला भुदरगडाच्या वाटेवर पळताना बघितलं. त्या वेळी मी घरी भाकऱ्या थापत असायची. खरं सांगते, मला बरं वाटायचं. आपण नाही तर नाही, कुणीतरी आपलं पळतंय. अशी वर्षं गेली. मग लोकांनी सांगायचं बंद केलं. मी एकदा स्वतःहून दूधवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, आता कुठं दिसता तुम्ही. त्या दिवसापासून माझ्या पायांत काही नाही. पाय आहेत, चालतात, पण त्यांत काही नाही. पोरांना शिट्टी मारत राहिले, ती कशासाठी पळतात हे मात्र मला समजेनासं झालं. कान नंतर गेले, त्याचं इतकं वाईट वाटलं नाही.

सूरज, तिचे बूट तिला दे. पोरीला डॉक्टरकडं नेत राहा, त्यात हयगय नको. प्लास्टर निघालं, की दीक्षाला तळ्यावर ने.

दीक्षा, मागं लागू नकोस आणि हाक मारू नकोस. ती बोलावून येणारी नाही. तू आपली चाल, लंगडत का होईना, आणि लाज धरू नकोस. तिला वाटलं तर वळेल. नाही वळली तर काय, ते मला माहीत नाही. मी बघायला कधी गेलेच नाही.

मला यायला सांगू नका. मला ते बघवणार नाही.

तुमची,
सरुआत्या


कळंबा,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. सरुआत्यास,
सविनय जयभीम, वि. वि.

सगळं झाल्याशिवाय लिहायचं नाही, असं ठरवलं होतं.

प्लास्टर काढल्यावर सूरजनं बूट आणून माझ्या पायांत घातले आणि नाड्या बांधल्या. घट्ट झाल्या का म्हणून त्यानं दोनदा विचारलं. डॉक्टरांनी काठी घेऊन चालायला सांगितलं होतं. सासूबाई क्रांतीला गोधडीत गुंडाळून आमच्याबरोबर निघाल्या. मी नको म्हटलं, तर म्हणाल्या, की पोरीची आई जाईल तिथं पोरगी जाईल.

पहिल्या काही सकाळी ती नुसती लांबून निघून गेली. आम्ही बंधाऱ्यावरून गोगलगायीसारखे जायचो आणि ती पार पुढच्या वळणावर दिसून धुक्यात शिरायची. दरवेळी आणखी लांब, आणखी पुसट. सासूबाईंनाही दिसायची. त्या तोंडातल्या तोंडात त्रिशरण म्हणायच्या. एकदा तर मला ती दिसलीच नाही. त्या दिवशी घरी येऊन मी बूट काढले आणि वाटलं, तुझ्यासारखं होणार. मला भीती वाटली, पण तीसुद्धा फार वाटली नाही. आपल्याला फार भीती वाटत नाही, हेच मला सगळ्यात भयंकर वाटलं. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

त्या सकाळी ती समोरून आली. आजवर कधी समोरून आली नव्हती. सूरज मागं थांबला. मी अर्धी वाट सोडली आणि चालत राहिले. चेहरा बघायचा नाही असं ठरवलं होतं, पण बघितला. आत्या, तो माझाच होता, फक्त त्यावर कुणाचीच काळजी नव्हती. नवऱ्याची नाही, पोरीची नाही, मोडक्या पायाची नाही. मी कितीही पळाले असते तरी तसा चेहरा मला मिळाला नसता, आणि मिळावा असंही मला वाटलं नाही. ती माझ्या डाव्या अंगानं गेली. गरम वारा लागला, लांबून पळत आलेल्या माणसाच्या अंगाचा. मी मागं बघितलं नाही. तिची पावलं थांबली. मग माझ्या मागून यायला लागली, आधी भराभर, मग माझ्या काठीच्या बेतानं, लंगडत. थोड्या वेळानं एकच आवाज उरला. छाती एकदम दाटून आली, ठणकायला लागली. मी बंधाऱ्याच्या कठड्यावर बसले आणि सासूबाईंनी काही न विचारता क्रांतीला माझ्या मांडीवर दिलं. ती प्याली. सूरज तळ्याकडं तोंड करून उभा होता, तो तसाच उभा राहिला.

क्रांतीचं वजन आता वाढतंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, पाय बरा झाला, मन बरं झालं, की दूधही येतं. मी मान हलवते. थोडं थोडं पळतेही, घोटा दुखला की थांबते. एकवीस किलोमीटर कधी होतील माहीत नाही. होतील.

मी पळते तेव्हा पल्याडचा काठ मोकळा असतो. पण पोरीला ताप असला किंवा पाय ठणकला, की एखाद्या सकाळी जाणं होत नाही. त्या सकाळचं मी दुसऱ्या दिवशी गुंडूला काही विचारत नाही. तोही काही सांगत नाही, नुसता माझ्या पायांकडं बघतो आणि चहा पुढं करतो.

सगळ्यांचा तुला जयभीम. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
दीक्षा