जानेवारीतली कापणी

सेंत जनव्हिएव्ह, मिसुरी
रविवार, १७ मार्च १८२२

चि. ओनेझिम,

तुझे पत्र बुधवारी पोचले. सेंट लुईसमध्ये तुम्ही सगळे खुशाल आहात, तुझ्या लेकीचे, झोएचे लग्न ईस्टरनंतरच्या आठवड्यात ठरले, हे वाचले. इथे मी बरी आहे. गुडघे थंडीत कुरकुरतात, एवढेच. गावाच्या मोठ्या शेताचे कुंपण बांधून होत आले. आपल्या वाटणीचे खांब याही वर्षी मीच उभी राहून बसवून घेतले. गुरे आत शिरली तर गाव तुला नाही, मला बोलते.

तू लिहितोस की तिथला वर्तमानपत्रवाला नव्या राज्याचा इतिहास छापणार आहे. "ताई, तुझे अक्षर न्यू ऑर्लिन्सच्या मठात घडलेले आणि आठवण हत्तीची. मोठे मोठे प्रसंग तेवढे लिहून पाठव." बरे. घे लिहून.

पंच्याऐंशी सालचा महापूर. नदी जुन्या गावात शिरली आणि लोक माळ्यांवर चढले. मी तेव्हा मठात होते, हे सगळे आईच्या पत्रातून कळले. तू सात वर्षांचा. आपल्या घरच्या गुलाम बाईने, फान्शोंच्या आईने, तुला आणि फान्शोंला एकाच होडग्यात घातले आणि टेकडीपर्यंत वल्हवत नेले. आईने लिहिले होते, 'ओनेझिम त्या काळ्या पोरीचा हात सोडायला तयार नाही.'

मग चार सालचे आपल्या मुलखाचे हस्तांतर. स्पेनचा झेंडा उतरला, आपला फ्रान्सचा एक दिवस फडकला, आणि लगेच अमेरिकेचा चढला. तू पाहायला गेलास आणि रडून परत आलास. "आता आपले काही राहिले नाही, ताई," असे म्हणालास. चुकलास. तुझे बरेच राहिले.

अकरा सालच्या डिसेंबरातला भूकंप. सकाळी मी चुलीपाशी होते. धुराडे कोसळले तेव्हा फान्शोंने मला ओढून बाहेर काढले. एक वीट तिच्या खांद्यावर पडली. त्या हाताने तिला अजून घडा उचलता येत नाही.

वीस साली नव्या राज्याची घटना लिहिली गेली. तू तिथे दुभाषा होतास. परत आल्यावर माझ्याच ओट्यावर बसून एक कलम वाचून दाखवलेस, की मालकाच्या संमतीवाचून कायदेमंडळाने कोणाही गुलामाला मोकळे करायचे नाही. फान्शों आत कणीक मळत होती. तुझा आवाज आत जावा एवढा मोठा होता. आणि गेल्या ऑगस्टात राज्य झाले.

तुझ्या वर्तमानपत्रवाल्याला एवढे पुरेल. चार साल आणि अकरा साल यांच्यामध्ये मी काही लिहिले नाही, हे त्याच्या लक्षात येणार नाही. तुझ्या येईल.

पाच सालच्या शरदात माझ्या नवऱ्याच्या, बाझिलच्या काकांना अर्धांगवायू झाला आणि त्यांची पाणचक्की चालवायला आम्ही नदीपलीकडे, इलिनॉयला गेलो. फान्शोंला घेऊन. परत आलो ते आठ सालच्या शेवटी. तीन वर्षे, ओनेझिम. पलीकडच्या कायद्यात गुलाम ठेवता येत नाही, आणि तिथे नेऊन बिऱ्हाडाने ठेवलेल्या माणसाला इथले न्यायालयसुद्धा गुलाम मानत नाही; चार दिवस पाहुणा म्हणून नेलेला मात्र गुलामच राहतो. हे मला माहीत नव्हते. बाझिल वारल्यावर त्याच्या मालमत्तेचा व्यवस्थापक म्हणून तू माझ्या घराबरोबर फान्शों आणि तिची मुलगी मोदेस्तही स्वतःच्या नावावर केलीस, तेव्हाही नव्हते. फान्शोंने मात्र कुठूनतरी ऐकले आणि गेल्या वर्षी स्वतःच्या आणि मोदेस्तच्या सुटकेसाठी दावा लावला.

मग ऑक्टोबरात तू शपथेचा कागद घेऊन आलास.

"गेला होतात म्हणजे काय, ताई? पाहुणे म्हणून गेला होतात. कापणीपुरते."

"तीन वर्षे कापणी चालली होती का रे?"

"कोण मोजतंय? तू सही कर. अमेरिकन न्यायाधीश विधवेच्या शपथेवर शंका घेत नाहीत."

मी सही केली. तुला वाटते मी घर जाईल म्हणून घाबरले. तसे मी तुला वाटू दिले. खरे कारण तू त्याच दिवशी जाता जाता म्हणालास ते आहे: "मोदेस्त तुझ्याजवळच राहील, तू असेपर्यंत. माझा शब्द." मला मूल नाही. ती पोर मला धर्मआई म्हणते, संध्याकाळी माझे केस विंचरते, तिला मी वाचायला शिकवले. ती मोकळी झाली तर एक दिवस दार उघडून निघून जाईल, या भीतीने मी खोटी शपथ घेतली. पवित्र शुभवर्तमानावर हात ठेवून.

आणि बुधवारच्या पत्रात, लग्नाच्या कपड्यांच्या यादीखाली तू लिहितोस: 'मोदेस्तला झोएबरोबर तिच्या सासरी, दक्षिणेत नॅचेझला पाठवायचे ठरले आहे. आमच्याकडून तिला भेट. तुला दुसरी बघून देईन.'

दुसरी. जणू मांजर मेले आहे.

मला लाज याची वाटते, की राग आला तो प्रथम तू शब्द मोडल्याचा आला. तू शब्द पाळला असतास तर मी गप्प बसले असते आणि मरेपर्यंत जपमाळ ओढली असती. हेही तुला माहीत असू दे.

आज मिस्सानंतर फान्शों चर्चच्या पायरीवर भेटली. गेले पाच महिने ती माझ्याशी बोललेली नव्हती.

"बाई, वकिलांनी तुमचा कागद दाखवला," ती म्हणाली. "तुमचे अक्षर फार सुंदर आहे. मला वाचता येत नाही, पण बघत राहावेसे वाटले."

मी म्हटले, "फान्शों, मी गुरुवारी पलीकडे गेले होते."

"कापणीला?"

ती हसली नाही. मीही नाही.

गुरुवारी मी होडीने खरोखरच पलीकडे गेले. आपल्या लोकांची रीत तू विसरलास, ओनेझिम. घरात जन्मलेल्या काळ्या मुलालासुद्धा बाप्तिस्मा द्यायचा, मालकिणीने धर्ममाता व्हायचे आणि फादरच्या वहीत सही करायची. तिथल्या फादरांनी वही काढून दिली. सहा सालचा जानेवारी: 'मोदेस्त, फान्शोंची मुलगी, या गावी राहणारी.' खाली माझी सही. आठ सालचा फेब्रुवारी: तिचा तान्हा मुलगा इग्नास, दफन. 'या गावी राहणारा.' पुन्हा माझी सही. अकरा दिवसांचा होता. बर्फात खड्डा खणायला बाझिलला कुदळ तापवावी लागली होती.

जानेवारीत कसली कापणी, हा प्रश्न न्यायाधीशालाही पडेल. फादरांनी दोन्ही नोंदींची नक्कल सहीशिक्क्यानिशी दिली आहे. ती आता माझ्या प्रार्थनापुस्तकात आहे. उद्या दहा वाजता मी ती फान्शोंच्या वकिलांकडे देणार आहे, आणि ऑक्टोबरातली शपथ खोटी होती असे न्यायाधीशांसमोर सांगणार आहे. त्याची जी शिक्षा असेल ती मला होईल. घर तुझ्या नावावर आहे, हे मला माहीत आहे. फादरांची बहीण माळ्यावरची खोली देते म्हणाली. हे पत्र तुला पोचेल तेव्हा माझे बोलून झालेले असेल. म्हणूनच ते आज टाकते आहे, काल नाही.

मोदेस्तला मी सगळे सांगितले. तिने हातातला कंगवा खाली ठेवला. मग म्हणाली, "आणि मग मी कुठे राहायचं हे मीच ठरवायचं?" मी हो म्हटले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. ती कुठे राहील, मला माहीत नाही. विचारणार नाही.

तुझ्या वर्तमानपत्रवाल्याला हे पत्र दाखवलेस तरी हरकत नाही. भाषांतर तूच करशील. मोठ्याने वाच, ओट्यावर वाचले होतेस तसे.

झोएला माझे आशीर्वाद. तिच्यासाठी तागाच्या सहा चादरी पाठवते आहे, कडेला तिच्या नावाचे अक्षर मी स्वतः भरले आहे. आत्याकडून भेट म्हणून एवढ्याच घ्या. ज्या मुलीला तू देऊन टाकलेस, ती ना तुझी होती, ना माझी.

तुझी थोरली बहीण, हा पत्ता सोडून निघालेली,
यूलाली